दार उघडं ठेवाल का?

काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसून मी तोंड वासून ‘आऽऽ’ म्हणत होते आणि बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. एका मुलीनं तर शेजारच्याला कोपरानं ढोसून मला दाखवलं.

“सर, माझ्या तोंडाकडे बघा,” मी स्क्रीनवरच्या सर्जेराव सरांना म्हणाले. “आऽऽ. आता ओठ मिटा. माऽऽ.”

सर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते माझ्या मागे, काचेपलीकडे बघत होते. ती मुलगी आता हसत होती. वाईट हेतूनं नसेल, पण हसत होती. सरांनी डाव्या हातानं मोबाइल उचलला आणि उपडा ठेवला. माझ्यासमोर नुसता अंधार.

“ताई,” अंधारातून सरांच्या बायकोचा, शालनकाकूंचा आवाज आला, “ह्ये तोंड फिरवून बसल्यात. आता काय बघायचे न्हाईत.”

मी वाचा-उपचार करते. अर्धांगवायूनं ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. मिरजेत माझं छोटंसं क्लिनिक होतं. मग श्रीपादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पोर्तुगालमधल्या अवेरोच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. क्लिनिक बंद केलं, पण पेशंट सोडवेनात. त्यांना मी ऑनलाइन शिकवू लागले.

आमच्या तिथल्या घराच्या भिंती म्हणजे पापड. खालच्या मजल्यावर नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी राहायची. भारतातली दुपार गाठायची तर मला तिथल्या पहाटे सुरुवात करावी लागे, आणि माझं ‘पा, बा, मा’ सुरू झालं की तिचं बाळ दचकून उठायचं. एक दिवस ती बाळाला खांद्यावर टाकून वर आली. भांडली नाही. दारात नुसती उभी राहिली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मीच म्हणाले, “मी दुसरीकडे जागा बघते.”

अशी मी जागा शोधायला निघाले. अशा जागा गावात बऱ्याच झाल्या होत्या. दूर देशांतल्या कंपन्यांची कामं करणारी माणसं तिथं भाड्याचं टेबल घेऊन बसत. काचेचं ते ऑफिस सगळ्यांत झकपक होतं. कॉफीचं यंत्र, टेबल टेनिस, झाडांच्या कुंड्या. दुसरी जागा वाचनालयासारखी होती. शिंक आली तरी माणसं बाहेर जाऊन शिंकत. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, लोकांना बोलायला लावते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग इथं नको.”

तिसरी जागा लुर्देशची. मच्छीमारांच्या जुन्या वस्तीत, कालव्याला लागून तिचं घर होतं. बाहेरून निळ्या फरशा, आत तळमजल्यावर एके काळी जाळी ठेवायची कोठी. तिथं तिनं चार टेबलं मांडली होती आणि मागे एक छोटी खोली होती, जाड लाकडी दाराची. लुर्देश पन्नाशीची, केस पोरासारखे कापलेले. यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायची. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो.

“मला पहाटे लागेल,” मी म्हणाले.

“मी उठलेलीच असते.”

“मी मोठ्यानं बोलते. कधीकधी गातेसुद्धा. टेबलावर हात आपटते.”

“आपटा की. टेबल मजबूत आहे.”

मला ती आवडली. आठवडाभर बसून बघा, मग ठरवा, असं तिनं सांगितलं. मागची खोली मिळाली. भिंत पांढरी, मागे कुणी नाही, दार लावलं की बाहेरचं जग बंद. सरांनाही ते बरं वाटलं असावं. पहिल्या दिवशी त्यांनी फोन उपडा ठेवला नाही. पण बोललेही नाहीत. भिंतीकडे बघत बसले.

सरांचं दुखणं वेगळंच होतं. विट्याच्या एका हायस्कुलात त्यांनी उभी हयात पी.टी. शिकवली होती. शिट्टी न वापरता अख्खं मैदान एका आवाजात उभं करायचे, असं काकू सांगायच्या. झटका आला आणि उजवा हात गेला, पाय लंगडा झाला, वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, मनात शब्दही असायचे, पण ओठांपर्यंत येताना वाट चुकायचे. अशा माणसाला लहान बाळासारखं ‘माऽऽ’ म्हण म्हणायचं. त्यांचे विद्यार्थी भेटायला आले की ते पांघरूण डोक्यावर घेत. जेवायलाही सगळ्यांबरोबर बसेनासे झाले. आणि माझ्या कामात वेळ फार मोलाचा असतो. झटक्यानंतरचे पहिले महिने वाया गेले की पुढे चढण कठीण होत जाते.

लुर्देशकडे दोनतीन दिवस झाले असतील. मी खोलीत शिरताना ती म्हणाली, “दार उघडं ठेवाल का?”

मला वाटलं, खोली कोंदट होते म्हणून म्हणते. “नको. माझ्या पेशंटला चालत नाही.”

“थोडंसं. फटीपुरतं.”

“लुर्देश, हे खासगी असतं. डॉक्टर आणि पेशंटसारखं.”

“हो, बरोबर,” ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. या वेळी माझी नजर चुकवून, कॉफीचा कप ठेवता ठेवता. मी पुन्हा नाही म्हटलं, जरा तुटकच. दार लावताना बाहेर बोळात, भिंतीशी एक रिकामी खुर्ची दिसली. आदल्या दिवशी ती तिथं नव्हती. मनात म्हटलं, ही बया इथं बसून ऐकते की काय!

घरी श्रीपादला सांगितलं. तो म्हणाला, “ऐकली तर ऐकू दे. मराठी कुणाला कळतंय तिथं?”

“सरांना कळतं ना, कुणी बघतंय ते.”

“मग काचेवाल्यांकडे जा. पडदा लावून द्यायला तयार आहेत म्हणालीस ना?”

तयार होते खरे. काचेला पांढरा कागद चिकटवून देतो, म्हणाले होते. मी ठरवून टाकलं. आठवडा संपला की लुर्देशचा निरोप घ्यायचा.

त्याच दिवशी काकूंचा फोन आला. “ताई, राग मानू नका. पर ह्ये नगं म्हणत्यात.”

“काय नको?”

“ह्ये शिकनं. बोलता येत न्हाई, हातानंच खुणावलं. फोन दाखवला आन् असा हात हलवला. म्या लई विनवलं. उद्याच्या दिवस बसतो, म्हंजी मानेनंच. माझ्यासाठी म्हनून. मग बास.”

मी काहीतरी धीराचं बोलले. फोन ठेवला. पेशंट सोडून जाणं मला नवं नव्हतं. पण हा माणूस वाचा येईल म्हणून नव्हे, बायकोचं मन राखायला एक दिवस बसणार होता, हे मला सोसेना.

तर तो शेवटचा दिवस. सरांचा शेवटचा आणि माझाही, त्या खोलीतला. बाहेर दाट धुकं होतं. सरांना काकूंनी धुतलेला सदरा घातला होता. ते समोर बसले आणि त्यांनी डोळे खाली घातले.

“सर, माझ्याबरोबर. पाऽ. बाऽ. माऽ.”

काही नाही.

“बरं, मी एकटीच म्हणते. तुम्ही नुसतं ऐका.” आणि मी म्हणत राहिले. चालीवर म्हटलं, टेबलावर ठेका धरून म्हटलं. मला माझाच आवाज केविलवाणा वाटायला लागला. घसा कोरडा पडला. “एक मिनिट हं सर, पाणी घेऊन येते,” म्हणून मी उठले आणि दार ओढलं.

दाराबरोबर एक माणूस माझ्या अंगावर आल्यासारखा झुकला.

खुर्ची दाराला अगदी खेटून होती. तिच्यात एक म्हातारा बसला होता, दाराला कान लावून. दार उघडल्यावर त्याचा आधार गेला. मी त्याचा खांदा धरला. स्वच्छ दाढी केलेला, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली. असे हात मी रोज बघते. मला काही विचारायची गरज नव्हती.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे वर बघितलं. ओठ मिटले. हनुवटी थरथरली. “म्...” आणि मग, खोल विहिरीतून बादली वर यावी तसं, “...मा.”

स्वयंपाकघराच्या दारात लुर्देश उभी होती. हातात टॉवेल.

“माझे वडील,” ती म्हणाली. “अमादेउ. दीड वर्ष झालं. तोंडातून आवाज नाही.”

“कुणी शिकवायला येत नव्हतं?”

“एक बाई यायच्या. चांगल्या होत्या. पण हे ओठ घट्ट मिटून बसायचे. लाज वाटायची. तुम्ही आलात तेव्हा मी ह्यांना वरच्या खोलीत ठेवलं होतं. तुमचा आवाज ऐकला आणि काठी आपटायला लागले. खाली आणलं. दाराकडे बोट दाखवलं. कुणी बघत नसताना, ऐकून ऐकून, म्हणायला लागले. काल मी पहिल्यांदा ऐकलं.”

“अहो, मग मला सांगायचं ना!”

“काय सांगू? तुम्ही टेबल बघायला आला होतात. मी तुमच्यावर आणखी काम टाकायचं? आणि सांगितलं असतं, तर तुम्ही दया येऊन राहिला असतात. जागा आवडून नाही.”

मी अमादेउंना खुर्चीत नीट टेकवून बसवलं. तेवढ्यात मागून, लॅपटॉपमधून काकूंचा आवाज आला. “ताई, ते म्हातारं कोन वो?”

मी वळले. दार उघडं होतं आणि मी उठताना धक्का लागून लॅपटॉपचा कॅमेरा दाराकडे वळला होता. स्क्रीनवर सर पुढे झुकले होते, इतके की चेहरा मावत नव्हता. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते अमादेउंचा हात बघत होते.

“सर,” मी म्हणाले, “ह्यांचंही तुमच्यासारखंच झालंय. आत आले तर चालेल?”

सरांनी मान हलवली. हो. इतक्या आठवड्यांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं उत्तर.

लुर्देशनं वडिलांच्या कानाशी वाकून विचारलं. त्यांनीही मान हलवली. आम्ही दोघींनी खुर्चीसकट त्यांना आत घेतलं आणि लॅपटॉपसमोर बसवलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अमादेउंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, बघ, हा असा, म्हणून. तिकडे सरांनी तसंच केलं.

शब्द येत नसले तरी पाठ असलेलं कधीकधी येतं. वार, महिने, आकडे. मी म्हटलं, आकड्यांनी सुरुवात करू. ठेका धरला. “एक. दोन. तीन.” लुर्देश तिच्या भाषेत म्हणू लागली. सरांचे ओठ हलले, पण आवाज नाही. अमादेउ धडपडत होते, चेहरा लाल झाला होता, पण पहिल्या आकड्यालाच अडत होते.

लुर्देश एकदम थांबली. “असं नाही. हे उलटं मोजायचे.”

“उलटं?”

“मासळीच्या लिलावात. आयुष्यभर तेच केलं. बोली वरून सुरू करायची आणि उतरवत न्यायची. घेणारा ओरडला की थांबायचं.” आणि वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं सुरू केलं. दहा, नऊ, आठ. त्यांच्या भाषेत दहाला ‘देश’ म्हणतात. “देश... नोव... ओइतु...”

“सेत,” अमादेउ म्हणाले.

सात. खरखरीत, घाईचा, बाजारातला आवाज. “सेत... सैश... सींकु...” डावा तळवा मांडीवर आपटत ते उतरत गेले. एकावर आले आणि पुन्हा दहापासून सुरू केलं. लुर्देश टॉवेल तोंडाशी धरून भिंतीला टेकली.

आणि मग तिकडे विट्यात टेबलावर दणका बसला.

“ए...क!”

सर ताठ बसले होते. छाती पुढे. “एक! दो...न! तीन! चार!”

मैदानावरचा आवाज. फाटलेला, पण तोच असणार. इकडे म्हातारा दहावरून खाली येत होता, तिकडे सर एकावरून वर चढत होते. पाच-सहाशी कुठंतरी दोघांची गाठ पडली आणि दोघंही थांबले. एकमेकांकडे बघून हसले. अर्ध्या तोंडानं, कारण दोघांचंही अर्धंच तोंड हसत होतं.

काकू स्क्रीनमध्ये आल्या. पदर तोंडात कोंबलेला. “ताई, आवाज ह्यांचाच वो. ह्यांचाच.”

मी त्या दुपारी काचेच्या ऑफिसात फोन करून नको म्हणून सांगितलं. व्यवस्थापक मुलीनं नम्रपणे विचारलं, आमच्याकडे काय कमी वाटलं? म्हटलं, काही नाही, सगळंच छान आहे. हे खरंच होतं.

काकूंना मात्र मी खोटी आशा दाखवली नाही. आकडे येणं म्हणजे बोलणं नव्हे. आकडे पाठ असतात, आपोआप येतात. मनातलं शोधून, जुळवून बाहेर काढायचं, ते खरं बोलणं. ते येईल की नाही, सांगता येत नाही. काकू म्हणाल्या, “न्हाई आलं तरी चालंल. आता जेवाय बसतात आमच्यात.”

रोज पहाटे दोघं समोरासमोर बसू लागले. सर त्यासाठी दाढी करून घेत. अमादेउंना मी पोर्तुगीज शिकवू शकत नव्हते, म्हणून लुर्देश शेजारी बसायची. मी आवाज दाखवायचे, शब्द ती द्यायची. सरांना ‘चहा’ आला, ‘शालन’ आलं. ‘शालन’ आलं त्या दिवशी काकूंनी गल्लीत पेढे वाटले. पण हे सगळं मी विचारलं की, मी म्हटलं की. आपणहून सर काही बोलत नसत.

डिसेंबरात अमादेउंच्या छातीत कफ भरला. ताप हटेना, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. लुर्देश तिकडेच होती. मी किल्लीनं दार उघडून एकटीच खोलीत बसले आणि नेहमीसारखा कॉल लावला. सरांना काय सांगायचं, हे ठरवलं नव्हतं. घाबरवायचं नव्हतं. म्हटलं, विषयच काढू नये.

“चला सर, वारांपासून सुरू करू. सोमवार...”

सर माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. ओठ उघडले, मिटले. मान डावीकडे ओढली गेली. कपाळावरची शीर फुगली. मी मधे बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं.

“क...” ते म्हणाले. “कु... कुठं?”

मी स्क्रीनकडे झुकले.

“कुठं... तो?”

त्यांचा स्वतःचा प्रश्न. कुणी न पढवलेला. माझ्या धंद्यात याच क्षणासाठी जीव टाकायचा असतो आणि तो आला की लगेच उत्तर द्यायचं असतं, म्हणजे बोलण्याचा उपयोग होतो हे माणसाला पटतं. मी मात्र त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

सर वाट बघून कावले. टेबलावर हात आपटला. “तो कुठं?”

“दवाखान्यात,” मी कशीबशी म्हणाले. “ताप आलाय. बरे होतील, सर.”

सरांनी मान हलवली. मग डोळे मिटून हात कपाळाशी नेला. देवाला की अमादेउंना, ते मी विचारलं नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी अमादेउ घरी आले. पार वाळले होते, पण दाढी केलेली आणि गुंड्या गळ्यापर्यंत. लुर्देशनं त्यांना पांघरुणात गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि मी कॉल लावला. सर स्क्रीनवर आले. त्यांनी म्हाताऱ्याला बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. भुवया वर गेल्या, छाती पुढे आली.

“उशीर!” सर कडाडले.

लुर्देश दचकली. “काय म्हणाले ते?”

“उशीर झाला म्हणतायत. वर्गात उशिरा आल्याबद्दल रागावलेत.”

तिनं वाकून वडिलांच्या कानात सांगितलं. अमादेउंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि हिच्यामुळे, म्हणून लुर्देशकडे बोट दाखवलं.